टायपिंगचा वेग चांगला आहे, त्यावर घरबसल्या कमाई होईल का?

शेवंता_बार्शी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतीच वाचते आहे, धागा आज पहिल्यांदा काढते.

मी बार्शीची. बी.ए. झाल्यावर गावातच टायपिंगचा क्लास केला. मराठी ४० आणि इंग्रजी ४० या दोन्ही परीक्षा पहिल्याच वेळी सुटल्या. मग लग्न, मग बाळ, चार वर्षं कळफलकाला हात लागला नाही. यजमान भुसार आडतीवर हिशेबाचं काम बघतात. आता मुलगा अंगणवाडीत जातो, दुपारचे तीन तास आणि रात्रीचे दोन तास माझे असतात. दिरांचा जुना लॅपटॉप मिळाला. महिनाभर रोज सराव केला आणि बोटांना सगळं आठवलं. काल मोजलं तर मिनिटाला इंग्रजी ६२ आणि मराठी ४४ शब्द भरले.

या वेगावर घरी बसून काम मिळतं का? कुणाकडून मिळतं? महिन्याला खरंच किती सुटतात? काल व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात आली. पानाला ४० रुपये, आठवड्याला ३०० पानं, मजकूर तेच पाठवणार, आपण टाइप करून परत द्यायचा. सुरुवातीला २५०० रुपये नोंदणी. यजमान म्हणतात भरून बघ. मला धीर होत नाही.

मुक्कामपोस्ट

ताई, ते २५०० भरू नका. बाकीची माणसं कामाचं सांगतीलच, पण आधी माझं ऐका.

लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी सुटली होती तेव्हा मी हेच केलं. पैसे भरले, एका 'करारा'वर सही करून तो स्कॅन करून पाठवला. मग धूसर चित्रांच्या रूपात इंग्रजी पानं आली. पाच दिवसांत ५०० पानं. मी आणि बायकोनं रात्रीचे दोन-दोन वाजवले. सहाव्या दिवशी अहवाल आला की तुमची अचूकता ९० टक्क्यांच्या खाली आहे, त्यामुळे मोबदला शून्य, उलट करार मोडल्याबद्दल तुम्हीच ५८०० रुपये द्यायचे. आठव्या दिवशी 'वकील साहेबांचा' फोन. दहाव्या दिवशी शिक्के मारलेली नोटीस. आई घाबरून जेवेना. मी ते ५८०० भरले. त्यानंतर आणखी मागणी आली तेव्हा शेजारच्या वकीलकाकांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, करारभंग हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी कुणी दारात पोलीस पाठवत नसतं, आणि वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. त्या नंबरांना उत्तर देणं बंद केलं. पुढं काहीही झालं नाही.

आता थोडा हिशेब करा. आठवड्याला ३०० पानं, पानाला ३०० शब्द धरले तर ९०,००० शब्द. तुमच्या ४४ च्या वेगानं न थांबता ३४ तास. तुमच्याकडे रोजचे पाच तास आहेत, म्हणजे सातही दिवस मान वर न करता बसलात तरी जेमतेम एकदा टाइप होईल, वाचून बघायला मिनिट उरणार नाही. काम पूर्ण होऊ नये अशाच बेतानं ते ठरवलेलं असतं. आणि मुख्य गोष्ट, छापलेला मजकूर मोबाइलचा कॅमेरा धरला की अक्षरांत उतरतो. मग तो टाइप करून घ्यायला पानामागं ४० रुपये कोण देईल? त्यांना ती पानं नकोच असतात. नोंदणीचे आणि दंडाचे पैसे हाच त्यांचा धंदा.

कुणी आधीच भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. मी लाजेपायी केला नाही, त्याची खंत अजून आहे.

शेवंता_बार्शी

दादा, वाचून अंगावर काटा आला. यजमानांनाही वाचायला दिलं. तो नंबर आत्ताच ब्लॉक केला. तुम्ही हे सगळं मोकळेपणानं लिहिलंत म्हणून आमचे पैसे वाचले.

पेठकर

मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागं बावीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं जुळवण्याचं काम करतो. मुक्कामपोस्ट यांनी छापील मजकुराचं सांगितलं ते अगदी बरोबर. टंकनाला आज पैसे मिळतात ते हाताने लिहिलेल्या मजकुराचे, आणि असा मजकूर मराठीत अजून भरपूर आहे. निवृत्त मास्तरांची आत्मचरित्रं, कीर्तनकारांच्या वह्या, संस्थांच्या स्मरणिका, पीएच.डी.चे प्रबंध, वकिलांचे हाताने खरडलेले मसुदे. दिवाळी अंकांचा हंगाम ऑगस्टपासून सुरू होतो आणि तेव्हा माझ्याकडे माणसं कमी पडतात. कितीतरी लेखक आजही फुलस्केपवर लिहितात, समासात बाण काढून मजकूर वाढवतात, मागच्या पानावर तारा मारतात. ते वाचता येणं हे अर्धं काम आहे.

दराबद्दल. मी बाहेर काम देतो तेव्हा साधारण ३०० शब्दांच्या हस्तलिखित पानाला २५ ते ३० रुपये देतो, तक्ते किंवा संस्कृत असेल तर जास्त. ४४ च्या वेगाला ३०० शब्द सात मिनिटांचे वाटतील, पण अक्षर लावणं, शंका लिहून ठेवणं, एकदा वाचून काढणं धरलं की तासाला तीन, फार तर चार पानं होतात. म्हणजे तासाला शंभर रुपयांच्या आसपास. याहून मोठा आकडा कुणी सांगितला तर तो कसा येतो ते विचारून घ्या.

आता जे मनापासून सांगायचंय ते. मला ४४ चा वेग नको, ३० चा चालेल. माझ्या दृष्टीनं पानात दोन चुका म्हणजे चांगला माणूस. दहा चुका असतील तर मुद्रितशोधक त्या काढणार, मी त्या घालणार, पुन्हा प्रूफ निघणार, पुन्हा कुणीतरी वाचणार. टंकनाचे वाचलेले पैसे तिथंच जातात आणि अंक उशिरा निघतो तो वेगळाच. माझ्याकडे सोळा वर्षं काम करणाऱ्या एक बाई आहेत, भोरला राहतात. वेग बेताचा. पण लेखकानं 'सुचना' लिहिलं असलं तरी त्या 'सूचना' करतात, आणि लेखकानं मुद्दाम बोलीत 'व्हतं' लिहिलं असेल तर त्याला हात लावत नाहीत. हे कळणं कुठल्याच परीक्षेत मोजलं जात नाही. आजवर त्यांना मी एकदाही काम नाही म्हटलेलं नाही.

तुम्ही कुठल्या कळफलकावर टाइप करता? रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट?

शेवंता_बार्शी

रेमिंग्टन, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. परीक्षेला तोच होता. इनस्क्रिप्ट फक्त ऐकून आहे. बदलायला हवा का?

टंकनगुरुजी

बदलू नका, असं माझं मत. सांगली जिल्ह्यात आमची टायपिंग इन्स्टिट्यूट १९८४ पासून आहे. गोदरेजच्या यंत्रावर ज्यांनी बोटं बसवली त्यांची पोरं आता माझ्याकडे संगणकावर शिकतात. ज्याची बोटं एका मांडणीवर बसली त्यानं दुसरी शिकायला घेतली की निदान दोन महिने वेग निम्म्यावर येतो आणि दोन्हीकडच्या चुका एकत्र होतात. शिवाय रेमिंग्टनची मांडणी ठेवून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या अक्षरांत टाइप करता येतं. 'रेमिंग्टन गेल' म्हणून मांडणी मिळते, ती बसवून घ्या. तुमची बोटं आहेत तशी चालतील, फक्त काही जोडाक्षरांची ठिकाणं तपासून पाहा.

वेगापेक्षा लय महत्त्वाची, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो. परीक्षेत सात मिनिटांचा उतारा असतो. पहिली दोन मिनिटं सुसाट मारणारी मुलं पाचव्या मिनिटाला चुकायला लागतात. एकसारखा ठोका पडला पाहिजे. जुन्या यंत्रावर तो कानाला ऐकू यायचा, मी डोळे मिटून सांगायचो की तिसऱ्या बाकावरचं पोरगं अडखळलं.

पेठकर

गुरुजी, आदर ठेवून असहमत. ताईंचं वय लहान आहे, पुढची पंचवीस वर्षं हे काम करायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिकावं. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वरचिन्हं डाव्या हाताला, त्यामुळे 'गाडी', 'पाटी' असे शब्द दोन्ही हातांत आपोआप वाटले जातात. ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं टाइप होतं. रेमिंग्टनला ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते, कारण यंत्रावर ती कागदावर आधी उमटायची. संगणकाला त्याची गरज नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतंच, काही विकत घ्यावं लागत नाही, आणि कुठल्याही ऑफिसात जाऊन बसलात तरी मिळतं.

टंकनगुरुजी

तुमचं म्हणणं नव्यानं शिकणाऱ्याला लागू आहे, आणि नव्या मुलांना मीही आता दोन्ही दाखवतो. पण या मुलीला पैसे या महिन्यापासून हवेत. हातात आलेला वेग सोडायला सांगणं मला पटत नाही.

एक मात्र नक्की सांगतो, मुली. टेबल कोपराच्या उंचीला असू दे, मनगट टेकवून टाइप करू नकोस, आणि दर अर्ध्या तासानं उठ. पंचेचाळिशीत मनगट धरून बसलेले चांगले टंकलेखक मी पाहिलेत.

कोर्टकचेरी

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक (स्टेनो) आहे. घरबसल्याचं नाही, पण टायपिंगवर पैसे हा विषय निघालाय म्हणून लिहिते, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४६२९ पदांची जाहिरात काढली होती. त्यात कनिष्ठ लिपिक आणि लघुलेखक श्रेणी ३ अशी दोन्ही पदं होती. टंकनाची अट दोघांना सारखीच, इंग्रजी ४० आणि मराठी ३०. लघुलेखकाला त्यावर लघुलेखन हवं, इंग्रजी १०० आणि मराठी ८०. आता मूळ वेतन बघा. लिपिकाचं १९,९०० पासून, लघुलेखकाचं ३८,६०० पासून. कळफलकावरची बोटं तीच, पण हातात पेन्सिल आणि वही आली की पगार जवळजवळ दुप्पट. मी तीन वर्षं नुसता टंकनाचा वेग ४० वरून ६० वर नेण्यात घालवली. त्या वाढीव वीस शब्दांचे मला कुणी एक रुपया जास्त दिले नाहीत. तीच तीन वर्षं लघुलेखनाला दिली असती तर आधीच लागले असते.

लघुलेखनाचे क्लास कमी होत चाललेत. शिकायला दीड-दोन वर्षं लागतात, रोज श्रुतलेखन घेणारं कुणीतरी घरात लागतं. माझ्या आईनं वर्तमानपत्रातले अग्रलेख घड्याळ लावून वाचून दाखवले, रोज, वर्षभर. शब्द अडला की थांबू नकोस म्हणायची, कारण समोरचे साहेब थांबणार नाहीत.

सरकारी लिपिक-टंकलेखकाचा विचार असेल तर लक्षात ठेवा, आता नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. लोकसेवा आयोग स्वतंत्र टंकलेखन कौशल्य चाचणी घेतो. अनोळखी संगणक, अनोळखी कळफलक, आजूबाजूला शंभर जणांचा खडखडाट. घरच्या लॅपटॉपवरचा ४४ तिथं ३६ होतो. वेगवेगळ्या कळफलकांवर सराव करा.

सायली७९

पण एआयमुळे हे सगळं आणखी किती दिवस? सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठापुढच्या युक्तिवादाचं थेट लिप्यंतर यंत्रानं सुरू झालं, आणि पहिलं प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचं होतं. मोबाइलवर मराठीत बोललं की मराठी उमटतं. माझ्या मुलीला टायपिंग शिकवू की नको, असा मला प्रश्न पडलाय.

कोर्टकचेरी

त्या युक्तिवादाची भाषा इंग्रजी, वकील माइकसमोर बोलणारे, आणि तरीही मजकूर माणसांकडून तपासून घेतला जातो. आमच्याकडे साक्षीदार पदरात तोंड लपवून बोलतो, मध्येच रडतो, पंखा घरघरत असतो. शिकवा हो मुलीला.

रानवाटा

सायलीताईंच्या प्रश्नाला माझ्या रोजच्या कामातून उत्तर देते. मी ग्रामीण भागातल्या स्त्रियांच्या श्रमावर संशोधन करते. गावोगाव मुलाखती ध्वनिमुद्रित करतो आणि त्या शब्दशः उतरवून घेतो. हे काम मी बाहेर देते, म्हणजे शेवंताताईंसारख्या व्यक्तींना.

गेल्या वर्षी आधी यंत्राकडून उतरवून पाहिलं. पुण्यातल्या प्राध्यापकांची मुलाखत बरीच नीट आली. बीडच्या ऊसतोड कामगार बाईंची मुलाखत दिली तर निम्मी वाक्यं तुटली. त्या म्हणाल्या होत्या, "आवंदा आमच्यातून दोन कोयतं गेलं, उचल मुकादमाकडनं दिवाळीआधीच घेतली." आवंदा म्हणजे यंदा, कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. यंत्रानं 'आवंदा'चं काहीतरी भलतंच केलं, आणि पुढं इंग्रजी भाषांतरात दोन जोडप्यांच्या ऐवजी दोन हत्यारं झाली. ते तसंच अहवालात गेलं असतं तर दोन घरं हिशेबातून गेली असती. उतरवणारी मुलगी परळीची होती, तिनं कानानं पकडलं.

शेवंताताई, बार्शी म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याशी, मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. तुमच्या कानात ती बोली लहानपणापासून आहे. तुमच्या ६२ च्या वेगापेक्षा मला तिची किंमत जास्त आहे.

एक तासाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण उतरवायला सवयीच्या माणसालाही चार तास लागतात, गोंगाट असेल तर सहासुद्धा. मी मिनिटाला १५ रुपये देते, तासाच्या मुलाखतीचे ९००. प्रकल्प असतो तेव्हा सलग तीन महिने काम असतं, मग दोन महिने काहीच नसतं, हेही मोकळेपणानं सांगते. अटी दोनच. ऐकू आलं नाही तिथं अंदाज न लिहिता वेळ टाकून जागा रिकामी ठेवायची. आणि मुलाखतीतलं एक अक्षर घरात कुणाला सांगायचं नाही. त्या बायांनी नवऱ्यालाही न सांगितलेलं आम्हाला सांगितलेलं असतं.

जुनीबखर

एक भर घालतो. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि माणसं पुरत नव्हती. जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर, खरेदीखतं, इनामाचे कागद, त्यातलं बरंच मोडीत. मोडी वाचून देवनागरीत टाइप करून देणारा हवा असतो, आणि त्याला पानाला मिळणारा दर साध्या टंकनाशी तुलना न करण्याइतका वेगळा आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. अक्षरओळख महिन्यात होते. सराईतपणा यायला मात्र कागदांचे गठ्ठे वाचावे लागतात. घाईचं काम नाही, पण ज्यांना जुन्याची आवड आहे त्यांनी जरूर शिकावं.

शेवंता_बार्शी

सगळ्यांना सावकाश उत्तर देते, मध्ये मुलाला ताप होता म्हणून पंधरा दिवस इकडं फिरकले नाही.

रानवाटाताई, तुमचा निरोप मिळाला, नमुन्याची दहा मिनिटं उतरवून पाठवली आहेत. पाऊण तास लागला. दोन ठिकाणी जागा रिकामी सोडली. एक शब्द तुम्ही 'पडतल' असा विचारला होता तो 'परतल' असावा असं मला वाटतं, पण ऐकताना खात्री नाही, म्हणून तसं समासात लिहिलं.

आणि गावातच पहिलं काम मिळालं! आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी भगवंत मंदिराच्या आठवणींचं पुस्तक काढतायत. ४६ पानं, पानाला २५ प्रमाणे ११५० रुपये. गुरुजींचं अक्षर सुंदर, त्यामुळे अडलं नाही. रेमिंग्टन गेल बसवून घेतलं, युनिकोडमध्येच केलं. पण छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं आणि माझा जीव गेला. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' हे सगळे शब्द बिघडलेत. र अर्धा दिसायच्या ऐवजी रफार होऊन पुढच्या 'या'च्या डोक्यावर बसलाय. माझ्या लॅपटॉपवर तर नीट दिसत होते. छापखानेवाले म्हणतात टाइप करणारीची चूक. पुस्तकात पायऱ्यांचा उल्लेख पानोपानी आहे. काय करू?

पेठकर

जीव घाबरा करू नका, हे सगळ्यांचंच होतं. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. तुमच्याकडून ती पद्धत वापरली गेली असणार. मजकूर छापखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की ते न दिसणारं चिन्ह गळून पडतं आणि उरतो साधा रफार. तुमची चूक नाही.

दुसऱ्या पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात. ऱ, हलन्त, य. यात गळण्यासारखं काहीच नसतं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की तो ऱ मिळतो.

'शोधा आणि बदला' वापरून एका झटक्यात सगळे 'र्य' बदलू नका. 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' यांना रफारच हवा. मंदिराचं पुस्तक आहे म्हणजे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' दोन्ही असतील. एकात प्रवचन करणारे आहेत, दुसऱ्यात महाप्रसादाचा स्वयंपाक करणारे. एकेक शब्द थांबून बघा. ४६ पानांना तास-दीड तास लागेल. मग आधी एकच पान छापखान्यात पाठवून पाहा.

टंकनगुरुजी

पेठकर, हे मी उद्या वर्गात फळ्यावर लिहून देतो.

शेवंता_बार्शी

दोन तास लागले. एकूण १३८ ठिकाणी होतं, त्यातले १९ रफार बरोबर होते, ते तसेच ठेवले. आचाऱ्यांचा उल्लेख पान ३१ वर खरंच निघाला. नमुन्याचं पान सकाळी पाठवलं होतं, आत्ता प्रूफ आलं. 'वाऱ्यावर' नीट आहे, 'पायऱ्या'ही. उरलेली पानं मुलगा झोपला की पाठवते.